हरलेल्याच्या हातचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे, पण शाळेतली नव्हे. माझ्यावर कोणी पाढे लिहिले नाहीत की चित्रं काढली नाहीत. मी निवडणुकीची पाटी आहे. वॉशिंग्टन राज्यात, जिथे फेरीबोटीशिवाय पोचता येत नाही अशा अल्डर नावाच्या एका छोट्या बेटावर, शेतकऱ्यांच्या जुन्या हॉलमध्ये मी भिंतीला टांगलेली आहे. आमचं अख्खं बेट मिळून एकच मतदारसंघ. काउंटीचे, म्हणजे इथल्या जिल्ह्याचे, नियम आणि कर ठरवणारी जी कौन्सिल आहे, तिच्यात आमच्या बेटाची एक खुर्ची. त्या खुर्चीवर कोण बसणार, त्याचं नाव दर चार वर्षांनी माझ्यावर लिहितात.

दगड म्हटलं की लोकांना वाटतं, ही निवांत असेल. मी कधीच निवांत नव्हते. आज एक नाव अंगावर असतं, उद्या ते पुसलं जातं. पुसलं की पुढचं येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. इतकी वर्षं झाली, पण मला त्याची सवय झाली नाही.

माझा जन्म देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हरमाँटच्या एका खाणीत झाला. मला तिथून काढलं ते बिलियर्डच्या टेबलासाठी. त्या टेबलावर तुम्हाला हिरव्या लोकरी कापडाची बनात दिसते ना, तिच्याखाली आम्ही असतो, दगडाच्या सपाट लाद्या. आम्ही तिघी बहिणी होतो आणि मी मधली. आगगाडीने आणि मग बोटीने आम्ही या बेटावरच्या बारमध्ये आलो. माझ्यावरून चेंडू गडगडायचे, लाकूडतोडे पैजा लावायचे, हरले की माझ्यावर मुठी आपटायचे. पुढे राज्यात दारूबंदी आली. बार बंद पडला, टेबल मोडलं. एक बहीण दुकानाची पायरी झाली, दुसरीचे उतरवताना तुकडे झाले. मला एका गोठ्यात भिंतीला टेकवून ठेवलं. तिथे एक शेळी रोज माझ्या कडेला अंग घासायची. तेवढीच काय ती सोबत.

मग बेटावरच्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून हा हॉल बांधला. मतदान इथेच होऊ लागलं. निकाल कुठे लिहायचा, असा प्रश्न आला तेव्हा गोठ्याच्या मालकाला मी आठवले. मला घासून धुतलं, लाकडी चौकटीत बसवलं आणि भिंतीवर चढवलं. चौघांच्या पाठी त्या दिवशी दुखावल्या.

पहिल्या निवडणुकीत बेटाचा पोस्टमास्तर हॅल्वर उभा होता आणि त्याच्यासमोर मासेमारीच्या बोटींचा एक मालक. हॅल्वर हरला. आता नाव लिहायचं, तर बेटावर वाचता येईल असं अक्षर एकट्या हॅल्वरचं! सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी एक बाई म्हणाली, "हॅल्वर, तूच लिही बाबा. दुसऱ्या कोणी लिहिलं तर कोण जिंकलं ते आम्हाला आठवडाभर विचारत फिरावं लागेल."

सगळे हसले. हॅल्वर हसला नाही. पण तो उठला, त्याने खडू घेतला आणि ज्याने त्याला हरवलं त्याचं नाव इतकं देखणं लिहिलं, की जिंकलेला माणूस टोपी काढून उभा राहिला.

पुढच्या वेळी जो हरला त्याचं अक्षर अगदी गिचमिड होतं. तरी लोकांनी खडू त्याच्याच हातात दिला. तेव्हापासून ती रीत पडली. जिंकणाऱ्याचं नाव हरणाऱ्याने लिहायचं.

तेव्हापासून किती हात माझ्यावरून फिरले! कोणी दात-ओठ खाऊन खडू मोडला, कोणी घाईघाईत लिहून बोट पकडायला पळाला. एकाने जिंकणाऱ्याचं नाव मुद्दाम मुंगीएवढं लिहिलं, तेव्हा त्याची बायकोच मागून ओरडली, "मोठं लिही! तुझं असतं तर भिंतभर लिहिलं असतंस!" बिचाऱ्याने पुसून पुन्हा लिहिलं.

सगळ्याच आठवणी अशा हसऱ्या नाहीत. जपानशी युद्ध चालू असताना एका वर्षी स्ट्रॉबेरीच्या मळ्यांवर राबणाऱ्या जपानी कुटुंबांना सैनिकांनी बोटीत बसवून नेलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना मताचा हक्क कधी दिलाच नव्हता. इथे जन्मलेली त्यांची मुलं मात्र नुकती मत द्यायला लागली होती. त्या वर्षी माझ्यावरचे आकडे लहान झाले. का लहान झाले, ते माझ्यावर कोणी लिहिलं नाही. ती निवडणूक आठवली की अजून अंग गार पडतं. मी दगडच, नेहमी गारच असते. पण हा गारवा निराळा.

काळ पुढे गेला. बायका निवडून येऊ लागल्या. पडदा लावून दांडा ओढायची मतदान यंत्रं हॉलमध्ये आली, खडखडली आणि भंगारात गेली. मग एक दिवस मतदान टपालाने सुरू झालं. घरी मतपत्रिका यायची, लोक घरीच खुणा करायचे, पाकिटावर सही करून टपालात टाकायचे नाही तर धक्क्यावरच्या मतपेटीत. हॉलमधली रांग संपली. माझ्यासमोर घडीच्या खुर्च्यांची चळत उभी राहिली, कोणी व्यायामाच्या चटया आणून टाकल्या. महिनोन्महिने मला फक्त खुर्च्यांचे पाय दिसायचे. तरी अंतिम निकालानंतरच्या शनिवारी लोक घरून सूप करून आणायचे, खुर्च्या हलवायचे आणि हरलेला माणूस माझ्यावर नाव लिहायचा. त्या एका दिवसासाठी मी चार-चार वर्षं धूळ खात काढली.

आणि मग मागच्याच्या आधीच्या निवडणुकीत ती रीत मोडली.

कर्ट हा कालवांची शेती करणारा माणूस, उंच आणि अबोल. तो निवृत्त ग्रंथपाल रूथकडून हरला. हॉल भरलेला होता. हॉलची किल्ली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या लोर्नाने त्याच्या हातात खडू दिला. तो माझ्यासमोर आला, खडू टेकवला आणि थांबला. "माझा या मोजणीवर विश्वास नाही," असं म्हणून त्याने खडू चौकटीच्या फळीवर ठेवला आणि तो दार उघडून निघून गेला. त्याच्या मागून निम्मा हॉल उठला. उरलेल्यांचं सूप तसंच गार झालं.

माझ्यावर वर ठळक लिहिलेलं होतं, 'आमचा प्रतिनिधी'. त्याखाली चार वर्षं काही नव्हतं. रूथने तिचं काम नेकीने केलं, पण दुसऱ्या कोणी तिचं नाव लिहावं हे तिला पटलं नाही. मुदत संपत आली तशी ती दूर दुसऱ्या राज्यात, मुलीकडे चँडलरला राहायला जायची तयारी करू लागली. बेटावर मात्र दोन तट पडले ते पडलेच. दुकानात लोक एकमेकांना टाळून उलट्या बाजूच्या रांगेत उभे राहत. हॉलच्या समितीने ठरवलं, "या वेळीही नाव पडलं नाही, तर पाटी उतरवू आणि तिथे मोठा टीव्ही लावू." हे माझ्यासमोरच ठरलं. मला कोणी विचारलं नाही.

मग मागच्या निवडणुकीत कर्ट पुन्हा उभा राहिला. त्याच्यासमोर उभी राहिली इला.

इला बेटावरची जनावरांची डॉक्टर. तिचा जन्म इथलाच, अमेरिकेतला. तिचे वडील धम्मदीप मूळचे नागपूरचे, खाडीपलीकडच्या बेलव्ह्यू शहरातल्या एका कंपनीत इंजिनियर होते. निवृत्त झाल्यावर ते आणि तिची आई भावना लेकीजवळ बेटावर राहायला आले. त्यांच्या पाठोपाठ ओळखीची आणखी दोन मराठी घरं आली. एप्रिलमध्ये ही मंडळी याच हॉलमध्ये बाबासाहेबांची जयंती करतात, दिवाळीला फराळ मांडतात. ऐकता ऐकता मला मराठी कळायला लागली. म्हणून तर तुमच्याशी बोलते आहे.

धम्मदीपांची मतपत्रिका ऑक्टोबरातच घरी आली होती. इला एकदा हॉलमध्ये सभेसाठी खुर्च्या लावताना त्यांना म्हणाली, "बाबा, ते एन्व्हलप टाकलंत का? दोन मिनिटांचं काम आहे."

"मत म्हणजे काय विजेचं बिल आहे का, आलं की भरून टाकायला?" धम्मदीप म्हणाले. "माझी आजी पहिल्यांदा मत द्यायला गेली ना, तेव्हा नवं लुगडं नेसून गेली होती. गावातले लोक पाहून राहिले होते तिच्याकडे. आम्ही मतदानाच्या दिवशीच मत देणार. सगळे मिळून. तू सांगूच नको."

"ओके, ओके. पण धक्क्यावरच्या बॉक्समध्ये टाका. तो आठपर्यंत उघडा असतो."

"हो गं. आम्हाला काय आज कळतं का मत कसं द्यायचं ते?"

मित्रांनो, मतदानाचा दिवस आला. इला सकाळपासून बेटाच्या दुसऱ्या टोकाला दारोदार फिरत होती. तिन्ही मराठी घरांतली सात माणसं नवे कपडे घालून हॉलमध्ये जमली. पुऱ्या, श्रीखंड आणि भावनाने केलेली कोथिंबिरीची सांबारवडी असा बेत होता. गप्पा रंगल्या. प्रत्येकाने आपल्या पहिल्या मताची गोष्ट सांगितली. मी भिंतीवरून ऐकत होते आणि सारखी दारासमोरच्या त्या निळ्या टपालपेटीकडे बघत होते. पेटीवर कागद चिकटवलेला होता, आजचं टपाल दुपारी दोनला उचललं जाईल. दोनची बोट गेली की बेटावरचं टपाल दुसऱ्या दिवशीच हलतं, आणि शिक्का दुसऱ्या दिवसाचा पडला की मत मोजत नाहीत.

मंडळी बाहेर पडली तेव्हा अंधारायला लागलं होतं. कोणीतरी धक्क्याकडे जाऊ या म्हणालं. पण धम्मदीप म्हणाले, "इथेच टाकू ना, हॉलसमोर. पूर्वी मतदान इथेच व्हायचं म्हणतात. हेच आपलं मतदान केंद्र!" सगळ्यांना ते फार आवडलं. एकेकाने पाकीट कपाळाला लावून पेटीत टाकलं. टाळ्या वाजवल्या. फोटो काढला. तो कागद कोणी वाचला नाही.

खिडकीतून मला सगळं दिसत होतं. मी ओरडू शकत नाही. एवढी मोठी छाती आहे माझी, पण तिच्यातून आवाज निघत नाही.

मग मोजणी सुरू झाली. टपालाची मोजणी एका दिवसात संपत नाही. रोज थोडी थोडी पाकिटं उघडतात आणि आकडा हलत राहतो. लोर्ना रोज दुपारी येऊन नवा आकडा माझ्या कोपऱ्यात लिहायची. पहिल्या दिवशी इला एकेचाळीस मतांनी पुढे होती. मग वीस. मग बारा.  एक दिवस लोर्ना आली, तिने जुना आकडा पुसला आणि कर्टच्या बाजूला पाच लिहिलं. फरक इतका थोडा होता, की कायद्यानेच सगळी मतं हातांनी पुन्हा मोजली. शेवटी कर्ट तीन मतांनी पुढे राहिला.

त्याच सुमारास त्या तीन घरांतल्या सातही जणांना कळवण्यात आलं की तुमचं पाकीट उशिरा निघालं, मत मोजता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी इला आणि तिचे आईवडील हॉलमध्ये बसले. सोबत इलाची लहानपणची मैत्रीण नीना होती. ती बेलव्ह्यूला वकिली करते आणि मुद्दाम बोट पकडून आली होती. इला थेट कोणाच्या तरी गोठ्यातून आली होती, पायात चिखलाचे बूट तसेच. धम्मदीप मान खाली घालून बसले होते.

"काका, एक गोष्ट नीट आठवून सांगा," नीना म्हणाली. "एन्व्हलप टाकली तेव्हा दोन वाजले होते का? कारण दोनच्या आधी टाकली असतील, तर फॉल्ट आपला नाही. टपाल उचलणाऱ्यांचा आहे. तुम्ही अ‍ॅफिडेव्हिट द्यायचं, आपण कोर्टात जायचं. सात मतं आहेत यार. तीनचा फरक आहे. सीट आपलीच आहे."

"दोनच्या आधीच टाकली," धम्मदीप पटकन म्हणाले.

"दोनला?" भावना म्हणाली. "दोनला तुम्ही तिसऱ्यांदा सांबारवडी वाढून घेत होतात. शेजारी जेवायला बसलेली रत्ना म्हणालीसुद्धा, भाऊजी, मत पोटात द्यायचंय की पेटीत?"

"भावना, तू गप बस जरा."

"मी गप बसते. फोटोतला अंधार गप बसणार आहे का?"

 मग धम्मदीप हळू आवाजात म्हणाले, "पोरगी माझ्यामुळे हरून राहिली. मी म्हटलं, मतदान दणक्यात करू. मी म्हटलं, इथेच टाकू. बाकीचे सहा माझ्या शब्दावर थांबले. आण तो कागद, नीना. मी सही करतो. आजवर खोटी सही केली नाही. एक करतो. माझ्या लेकीसाठी करतो."

नीनाने इलाकडे पाहिलं. इला बुटावरचा वाळलेला चिखल नखाने काढत होती.

"बाबा, तुम्ही सही केली तर मी जिंकेन?" तिने विचारलं.

"गुड चान्स आहे," नीना म्हणाली.

"आणि मग चार वर्षं मी त्या खुर्चीत बसून सगळ्यांना रूल्स सांगू? नो, बाबा. तुम्ही सही नाही करायची."

"अगं पण तुझी दोन वर्षांची मेहनत..."

"नो म्हटलं ना."

नीना चिडली. "फाइन. कोर्टात नको जाऊ. पण शनिवारी तू त्या माणसाचं नाव लिहिणार? त्याने रूथचं लिहिलं नव्हतं. तो सरळ वॉकआउट करून गेला! तू लिहिलंस तर त्याचंच खरं होईल, मोजणी त्याला आवडली की बरोबर, नाही आवडली की चूक."

"माहितीये मला."

"मग?"

"मग काय, नीना? मलाही राग येतो. मी काय देवी आहे का?" इला उठून उभी राहिली. "मी अजून ठरवलं नाहीये."

ती गेली. धम्मदीप मात्र बराच वेळ बसून राहिले. जाताना ते माझ्यासमोर आले आणि माझ्यावरच्या त्या शेवटच्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं. पुसलं नाही. नुसतं ठेवलं.

शनिवारपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. नाव पडलं नाही तर मला उतरवणार, याची धास्ती होतीच. पण खरं सांगू का? त्याहून जास्त मला त्या बाप-लेकीची काळजी लागली होती. खडू धरून थांबलेला हात मी एकदा पाहिला होता. तो पुन्हा पाहायची माझी ताकद नव्हती.

शनिवारी पाऊस होता, थंडी होती, तरी हॉल भरला. इलाचे लोक एका बाजूला बसले, कर्टचे दुसऱ्या बाजूला, मध्ये सूपची पातेली. कर्ट आत येऊन बसलाच नाही. अंगात कोट, हात खिशात, असा दाराशी उभा राहिला.

लोर्नाने खडू इलाच्या हातात दिला. इला माझ्यासमोर आली. तिचा श्वास मला जाणवत होता. तिने हात वर केला आणि खाली घेतला.

"नको लिहूस, इला!" तिच्या बाजूचं कोणीतरी ओरडलं.

समोरच्या बाजूला एकजण हसला. "लिहील कशाला? बोट गाठ आणि कोर्टात जा!"

इलाने मागे वळून पाहिलं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, आता ही खडू ठेवणार.

तेवढ्यात धम्मदीप खुर्चीतून उठले. सावकाश चालत ते तिच्याजवळ आले आणि मोडक्यातोडक्या नाही, चांगल्या स्वच्छ इंग्रजीत सगळ्यांना म्हणाले, "आमच्या तीन घरांतल्या सात मतांची पाकिटं उशिरा पडली. चूक टपालाची नाही, मोजणाऱ्यांची नाही. माझी आहे. मी कागद वाचला नाही." मग मराठीत, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "मीपण हरलो बेटा. मी उभा राहतो तुझ्यासोबत. तू लिही, नाही तर नको लिहू. मी उभा राहतो."

इला हसली नाही, रडली नाही. "बाबा, जरा सरका," एवढंच म्हणाली. "तुमच्यामुळे उजेड येत नाहीये."

ते सरकले. आणि तिने लिहिलं. कर्टचं नाव, आडनावासकट. डॉक्टर लोकांचं अक्षर असतं तसं तिचं अक्षर वाकडं, पण तिने एकेक अक्षर मोठं आणि दाबून काढलं. खडू करकरला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पावसाचा आवाज तेवढा येत होता.

कर्ट दारातून दोन पावलं पुढे आला. "आता मी काय करायचं?" त्याने विचारलं. खरंच त्याला माहीत नव्हतं. याआधी तो कधी जिंकला नव्हता.

"काही नाही," इला म्हणाली. "उभं राहून बघायचं."

तो बघत राहिला. त्याचं तोंड कडू झाल्यासारखं दिसत होतं. रूथच्या वेळी तो माझ्या अगदी जवळ, खडू हातात घेऊन उभा होता. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला कळलं नाही, आणि मी ते कळल्याचा आव आणणार नाही. थोड्या वेळाने तो बाहेर गेला.  पण या वेळी त्याच्या मागून कोणी उठलं नाही. लोकांनी पातेल्यांवरची झाकणं काढली. धम्मदीपांनी वाडगा हातात घेतला, पण त्यांना काही खाववेना. समोरच्या बाजूची एक बाई त्यांच्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "गेल्या वेळी माझंही असंच झालं होतं. पाकीट गाडीतच राहिलं. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही." तेव्हा कुठे त्यांनी पहिला घोट घेतला.

टीव्ही दुसऱ्या भिंतीवर लागला. मी माझ्या जागी आहे.

सगळं गोड झालं असं समजू नका. दुकानातल्या रांगा अजून वेगळ्याच लागतात. एकदा माझ्यावरच्या नावाला कोणीतरी बाहीने पुसायचा प्रयत्न केला, शेवटची दोन अक्षरं फिकी झाली. आणि समुद्राची ओलही आहेच. खडूचं अक्षर तिच्यात फार टिकत नाही. वसंत येईपर्यंत नाव इतकं विरलं की दारातून वाचता येईना. मला पुन्हा ती जुनी धडधड सुरू झाली. आता कोण येणार? जिंकलेल्याने आपलं नाव आपण लिहायचं नसतं. लोर्नाचा हात वर पोचत नाही.

मागच्या आठवड्यात इला कोणाच्या तरी शेळीचं बाळंतपण आटोपून हॉलमध्ये हात धुवायला आली. जाता जाता माझ्याकडे तिचं लक्ष गेलं. ती थांबली. "या माणसाने मंगळवारी सकाळच्या बोटीविरुद्ध मत दिलं," ती माझ्याशी की स्वतःशी, पण मराठीत पुटपुटली. "सकाळची बोट! दवाखान्यात जायचं कसं लोकांनी?" मग तिने खडू शोधला, ओल्या फडक्याने आजूबाजूचं पुसलं आणि त्याच माणसाचं नाव पुन्हा गिरवलं. पहिल्यापेक्षा ठळक. शिव्या घालत घालत गिरवलं आणि हात झटकून गेली.

तर मित्रांनो, मी आता फार वयाची झाले. माझी चौकट सैल झाली आहे आणि एका कोपऱ्याला तडा गेला आहे. माझं तुमच्याकडे मागणं थोडंच आहे. माझ्यावर तेलाचा हात फिरवू नका, नुसत्या ओल्या फडक्याने पुसा. माझ्यासमोर खुर्च्या रचू नका, मला दार दिसू द्या. तुमची मतपत्रिका येईल तेव्हा ती सणासारखी साजरी जरूर करा, पण पेटीवरचा कागद आधी वाचा. आणि कधी हरलात, तर खडू दुसऱ्या कोणाकडे देऊ नका. नाव तुम्हीच लिहा. ते फिकं पडलं की पुन्हा या आणि पुन्हा गिरवा. चार वर्षं फार लांब असतात आणि इथे ओल फार आहे.